शंभरांतलं एक नाव

तुमच्या शोकसभेला समाजमंदिरासमोर सतरंज्या टाकल्या होत्या, आणि बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण फिरून फिरून अमेरिकेवरच आला. "एवढ्या मोठ्या देशातून शंभर माणसं घेत, त्यात आपल्या मास्तरांचं नाव होतं," असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "सोडत लागली, पण मास्तरांनी गाव सोडलं नाही." गाव सोडलं नाही! बायकांच्या मधे बसून मी पदर नाकापर्यंत ओढला. रडत असेन असं वाटून कोणीतरी पाठीवरून हात फिरवला. मी रडत नव्हते. मला लाज वाटत होती. तुम्ही असतात तर चपला शोधायच्या निमित्तानं उठून बाहेर गेला असतात आणि मला एकटीला तिथं बसवून ठेवलं असतंत. तसंच झालं म्हणा.

रागावू नका. इतकी वर्षं आपण ह्या गोष्टीवर एकमेकांशी धड बोललो नाही. मी सुरू केलं की तुम्ही तोडायचात, तुम्ही सुरू केलं की मला चुलीवरचं काही आठवायचं. आता तुम्हाला तोडता येणार नाही, म्हणून बोलते.

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आलो. त्याच्या दुसऱ्याच वर्षी तुम्ही मुंबईला जाऊन नाव नोंदवून आलात, आणि मला सांगितलंत ते आल्यावर. तेव्हा तुम्ही अकोल्याच्या सरकारी फार्मवर असिस्टंट होता. कापूस पाहायला आलेल्या एका अमेरिकन साहेबाला तुमचं काम आवडलं होतं. आपल्या देशी परत गेल्यावर त्यानं तुमच्यासाठी हमी घेतली होती. अंगणात बाजेवर बसून तुम्ही मला समजावलंत. अमेरिका कायमचं राहायला आपल्या अख्ख्या देशातून वर्षाला शंभर माणसं घेते. नाव लावायचं आणि वाट पाहायची. कधी नंबर लागेल, लागेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसतं.

"म्हणजे यात्रेतलं चाकच झालं," मी म्हटलं. "फिरवायचं अन् पाह्यत बसायचं."

"तसंच समज."

"अन् लागलं तं?"

"तं जायचं. मंग परत यायचं नाही."

मी सुपात ज्वारी पाखडत होते. हात थांबला. "काहून पण? इथं काय कमी हाय? सरकारी नोकरी हाय, घर हाय, तुमची माय हाय."

तुम्ही सुपातला एक दाणा उचलून दातांखाली फोडलात. मग म्हणालात, "तिथं आडनाव सांगतलं तं पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही."

मी सातवी झालेली, प्राथमिक शाळेत शिकवणारी, आणि रोज पेपर वाचणारी बाई. मी सोडणार होते थोडीच! म्हटलं, "तिथं काळ्या माणसाले बसमधी मागं बसवतात. पेपरात आलतं."

"असन. पण मी तिथं नवा राहीन. नव्या माणसाले लोक आधी पाह्यतात, मंग ठरवतात. इथं आधीच ठरवून ठेवलेलं हाय. पाह्यची गरजच नाही."

ह्याचं उत्तर मला पुढं काही वर्षांनी सापडलं, पण तेव्हा ते बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. पाहून ठरवतात तेव्हा जास्त लागतं, एवढंच ते उत्तर होतं.

मग वर्षं गेली. तुम्ही इंग्रजी बोलायचा सराव माझ्यावर करायचात आणि मी मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची. तुमची माय, माझ्या आत्याबाई, भिंतीवरच्या नकाशात अमेरिका कुठं आहे ते दर महिन्याला नव्यानं विचारायच्या आणि "एवढुसाच तं समुद्र हाय मधी" म्हणायच्या. आपण हसायचो. मला खरंच वाटत नव्हतं की नंबर लागेल. शंभरांत आपलं नाव कुठून येतं!

आलं. तपासणीला आणि मुलाखतीला मुंबईला या, असं बोलावणं आलं. बोलावणंच होतं ते, परवानगी नव्हती. पण दुपारपर्यंत वस्तीत "लागली, सोडत लागली" झालं. बायका जमल्या. प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला आणि पडवीत बसून सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी गोधडी शिवली, तिकडे बर्फ पडतो म्हणून. आत्याबाईंनी जवसाची चटणी कुटली. समाजमंदिरासमोर तुमचा सत्कार झाला. गणुबाबा बोलायला उभे राहिले. वस्तीतले सगळ्यांत म्हातारे, गिरणीत हाडं झिजवलेले, पण दीक्षा घेतल्यापासून कोणाच्या दारात वाकून उभे न राहिलेले. त्यांना भाषण येत नव्हतं. तुमचा दंड धरून ते पोरांना म्हणाले, "पोट्टेहो, पाहून घ्या ह्या माणसाले. आपला माणूस समुद्रापल्याड चालला. चाकरी कराले नाही, बरोबरीनं राह्याले."

लोक रडत होते. मी तुमच्या कानाशी म्हटलं, "नुसतं बोलावणं हाय, सांगा ना त्यांले."

तुम्ही म्हणालात, "आता कसं सांगू? चेहरे पाह्य त्यांचे."

नोकरीचा राजीनामा तुम्ही आधीच देऊन बसला होता. अकोला स्टेशनावर अख्खी वस्ती आली. तुमच्या गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नव्हती. गाडी हलली तेव्हा म्हातारी माणसं प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत धावली. त्या वेळी माझी छाती भरून आली होती आणि खोकल्याची उबळही आली होती. मी ती पदरात दाबली. महिनाभर दाबतच होते. धुरानं होते, असं मला वाटायचं.

मुंबईला अमेरिकन कचेरीच्या दवाखान्यात दोघांच्याही छातीचे फोटो काढले. तुम्ही बायकोला घेऊन जाणार, म्हणून माझाही. तुमचा साफ आला. माझ्या उजव्या बाजूला डाग निघाला. कचेरीतल्या मराठी बोलणाऱ्या कारकुनानं आपल्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं: तुमचं झालं आहे, तुम्ही जाऊ शकता. बाईंनी आधी औषधपाणी करावं, बऱ्या झाल्या की त्यांचं पुन्हा पाहता येईल. तो भला माणूस होता. माझ्याकडे न बघता बोलत होता, आणि त्यामुळेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतरलो होतो त्या खोलीत तुम्ही ट्रंकेची दोरी सोडायचात, पुन्हा बांधायचात. मी म्हटलं, "तुमी जा. मी बरी होऊन मागून येईन."

तुम्ही गाठ आवळत राहिलात.

"सहा वर्षं वाट पाह्यली. आता माह्यापायी..."

"गप राह्य."

"मी आत्याबाईजवळ राहीन. लोक काय म्हणतीन?"

"गप म्हटलं ना शांता!"

आख्ख्या संसारात तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. खाली रस्त्यावरून कोणीतरी वर पाहिलं. मग तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, "महिनाभर तू खोकून राह्यली अन् मले दिसलं नाही." त्यापुढं विषय बंद. जा म्हटलं तर गेला नाहीत, का गेला नाहीत ते सांगितलं नाहीत. त्या दिवसापासून मी तुमच्यासमोर एखाद्या फुटलेल्या भांड्यासारखी वावरले. तुम्ही कधी टोचून बोलला नाहीत. बोलला असतात तर मला भांडता तरी आलं असतं.

परतीची तिकिटं तुम्ही काढलीत. गाडीत बसल्यावर तुमच्या हातात पाहिलं तर ती अकोल्याची नव्हती, बडनेऱ्याची होती. मी काही विचारलं नाही. मुंबईहून येताना अकोला आधी लागतं, बडनेरा पुढं, आणि तिथून अमरावती. म्हणजे आपल्याच गावावरून आपल्याला पुढं जायचं होतं.

शेगाव गेलं तसं तुम्ही खिडकीची झडप खाली ओढलीत. भर दुपार होती, डब्यात शिजत होतो. समोरचा माणूस म्हणाला, "अहो, उघडा ना, जीव चालला." तुम्ही म्हणालात, "बाईले बरं नाही. ऊन सोसत नाही तिले." मी डोळे मिटून घेतले, आजारी दिसावं म्हणून. आजारी तर मी होतेच! अकोल्याला गाडी थांबली. आपल्या वस्तीतली दोन माणसं स्टेशनावर हमाली करायची. त्यांतल्या एकाचा आवाज झडपेच्या पलीकडे आला, हातभर अंतरावर. कोणाला तरी सांगत होता, "इथूनच गेले ना आमचे साहेब अमेरिकेले, ह्याच फलाटावरून." तुम्ही दुपट्ट्यात तोंड घातलंत. गाडी किती वेळ थांबली कोण जाणे. सुटली तेव्हा तुमचे खांदे हलत होते, आणि मी पाठीवर हात ठेवायला गेले तर तुम्ही सरकून बसलात. मला वाटलं, माझा हात तुम्हाला नको आहे. आता वाटतं, त्या वेळी तुम्हाला कोणाचाच नको होता.

अमरावतीला गावाबाहेर खोली घेतली. घरमालकीण काशीबाईंना सांगितलं, आम्ही बुलढाण्याकडचे. तुम्ही कापूस बाजारात एका अडत्याकडे लागलात. गाडीवर चढून मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी पाहायची आणि खाली हाक मारून सांगायचं. बी.एस्सी. झालेला माणूस दिवसभर गाड्यांवर चढत-उतरत होता. संध्याकाळी केसांत, भुवयांत कापूस घेऊन यायचात. मी रोज दवाखान्यात सुई घ्यायला जायची आणि पोटात ढवळून येईल इतक्या गोळ्या खायची.

ह्या दिवसांबद्दल मला तुमचे पाय धरायचे होते, तेही राहून गेलं. माझं थुंकीचं डबडं तुम्ही उचलायचात. राख टाकून, मागच्या नाल्याजवळ खड्डा करून पुरायचात, हात घासून धुवायचात आणि मग भाकरी थापायला बसायचात. तुमच्या भाकऱ्यांना कधी गोल आकार आला नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडायची. बायकोचं ते डबडं नवऱ्यानं उचलायचं, ही लाज त्या डागापेक्षा मोठी होती. एकदा म्हटलंही, "मी मरते तं बरं होते." तुम्ही पीठ मळता मळता म्हणालात, "मेली तं अडत्याले सुट्टी मागावी लागन. देत नाही तो." मी हसले, आणि हसता हसता खोकले.

एकच भांडण व्हायचं. मी म्हणायची, "तुमच्या मायले दोन ओळी तरी लिहा."

"कुठून लिहू? पत्रावर अमरावतीचा शिक्का पडन."

"ते वाट पाह्यत असतीन."

"मले माहीत नाही काय?"

तिथंच ते थांबायचं. अकोल्यात आपण अमेरिकेत होतो आणि अमरावतीत बुलढाण्याकडचे. खरे आपण फक्त त्या खोलीत होतो, तेही दार लावल्यावर.

कापसाचा हंगाम सरत आला होता. एका दुपारी तुम्ही वेळेआधी घरी आलात, आणि तुमच्यामागून गणुबाबा आत आले. मी गोधडीखाली होते, त्याच गोधडीखाली. उठून बसले. ते उंबऱ्यातच थबकले.

"पोरी," ते म्हणाले, "तू जित्ती हायेस?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मग सगळं त्यांच्याच तोंडून कळलं. आपली काहीच खबर नाही म्हणून वस्तीत लोकांना वाटलं, जहाज बुडालं. आत्याबाई मुंबईच्या गाडीच्या वेळेला रोज स्टेशनावर जाऊन बसत. शेवटी वस्तीनं ठरवलं, की अमरावतीच्या आपल्यातल्याच एका वकिलाला विचारायचं, अमेरिकेत हरवलेला माणूस कसा शोधतात. गणुबाबा एस.टी.नं आले. वकिलाचं घर दाखवायला ओळखीचा एक हमाल कापूस बाजारात होता, त्याला गाठायला गेले, आणि कापसाच्या गाडीवर तुम्ही उभे!

"मी म्हटलं, वसंता, तू तं अमेरिकेत हायेस ना?" गणुबाबा सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात हसू होतं की रडू, मला कळेना. "तं हा म्हणते कसा, 'नाही बाबा, इथंच हाय.'"

तुम्ही दाराशी मान खाली घालून उभे होता. गणुबाबांनी पाणी मागितलं. मी उठले तर म्हणाले, "तू बस. त्याले देऊ दे." प्यायले. मग विचारलं, "काहून असं केलं रे?"

"लाज वाटली, बाबा."

"कायची? हिच्या बिमारीची?"

"नाही."

"मंग?"

तुम्ही रिकामा तांब्या जागेवर ठेवलात. "तुमी सगळे स्टेशनवर आलते," तुम्ही म्हणालात. "कोन्या तोंडानं उतरू तिथं?"

गणुबाबांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते दमलेले दिसत होते, आता दुखावलेले दिसले. "म्हणजे आमचीच लाज वाटली तुले. आमी गळ्यात हार घातला होता रे, दावं नोतं बांधलं."

त्यानंतर ते रागावले नाहीत. तुम्ही केलेली वाकडी भाकरी त्यांनी उलटसुलट करून पाहिली, "अमेरिकेत हेच शिकला काय?" म्हणाले आणि चटणीबरोबर दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन आत्याबाईंना घेऊन आले. आत्याबाई दारात आल्या, चप्पल काढली, आणि आधी त्याच चपलेनं तुमच्या पाठीत दोन घातल्या. मग तुमचं डोकं छातीशी धरून जो गळा काढला, त्यानं काशीबाई धावत आल्या. त्यांना तेव्हाच कळलं की आपण बुलढाण्याचे नाही. त्या फक्त म्हणाल्या, "बाई, खरं सांगायचं होतं. मी काय घराबाहेर काढलं असतं?" काढलं असतंही कदाचित. पण ते ठरवायची पाळी आपण त्यांच्यावर येऊच दिली नाही.

अकोल्याला परतलो. म्हाताऱ्यांनी जपलं, पोरांनी नाही. गल्लीतून निघाले की पोट्टे ओरडायचे, "अमेरिका आली, अमेरिका आली!" नळावर एकीनं विचारलं, "विमानात भाकर देतात काय हो?" मी भरलेली घागर तिथंच ठेवून घरी आले. तुम्हाला शाळेत नोकरी लागली आणि तुम्ही 'अमेरिका मास्तर' झालात. त्या नावानं हाक मारली की तुम्ही सरळ "ओ" द्यायचात. कसं जमायचं तुम्हाला? मला वाटायचं, मला दाखवायलाच देता, तुला काही वाटून घ्यायची गरज नाही म्हणून. त्यानं मला जास्तच वाटायचं.

आता ते सांगते, जे कधी सांगितलं नाही.

आपली पोर झाली, माझी छाती केव्हाच साफ झाली होती, आणि तिकडचा कायदा बदलला. शंभरांची अट उठली. त्या साहेबाचा पुन्हा निरोप आला: अजून यायचं असेल तर सांग. तुम्ही मला विचारलंत, "काय म्हणतेस?" तुमचे डोळे नुसते लकाकत होते. आणि मी म्हटलं, "मी येत नाही." कारण दिलं नाही. तुम्हाला वाटलं, मी परत आजारी पडायला भ्यायले. तुम्ही पुन्हा एकदाही विचारलं नाहीत.

मी आजाराला भ्यायले नव्हते. मुंबईच्या त्या दवाखान्यात फोटो काढताना मला चोळी काढायला लावली होती. बाई कोणी नव्हती. दोन पुरुष होते. एकानं खांदे धरून मला त्या गार काचेला चिकटवून उभं केलं आणि दुसऱ्याकडे पाहून इंग्रजीत काहीतरी बोलला. दोघं हसले. काय बोलले ते मला आजही ठाऊक नाही. तुम्ही मला शिकवलेल्या इंग्रजीत ते शब्द नव्हते. तुम्ही बाहेर बाकावर बसला होता. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "दुखलं काय?" मी म्हटलं, "नाही." पाहून ठरवतात म्हणत होता ना तुम्ही, त्यांनी मला पाहिलं होतं. त्या काचेसमोर मी पुन्हा उभी राहणार नव्हते, अमेरिकेसाठी नाही, तुमच्यासाठीही नाही. एवढं सांगितलं असतं तर तुम्हाला समजलं असतं. तुम्ही त्या डबड्याला हात लावणारा माणूस. पण जीभच उचलली नाही.

आणि तुम्हीही एक मनात ठेवलं होतंत. ह्या वर्षी, शाळेला सुट्टी लागायच्या थोडं आधी, मी भाकरी करत होते. तुम्ही पाटावर बसला होता. काही विषय नसताना म्हणालात, "शांता, एक सांगू? मुंबईले त्यानं तुह्या फोटोचं सांगतलं ना, तवा मले पयलं काय वाटलं माहीत हाय?"

मी तव्यावर भाकरी टाकली.

"हायसं वाटलं. सगळ्यांले सांगून बसलो होतो, अन् आतून मले जायचं भेव वाटत होतं. तुह्या डागानं सोडवलं मले. मी तुह्यासाठी राह्यलो असं समजू नको."

माझा हात तव्यावर तसाच राहिला. हे खरं असेल तर इतकी वर्षं तुम्ही मला कशी वाहू दिलीत ती लाज? आणि खोटं असेल, मला मोकळं करायला जुळवलेलं असेल, तर ते तुम्ही किती वर्षं मनात घोळवत होता? तुमच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर मला लगेच कळलं असतं. तुम्हाला माझ्याशी खोटं बोलता येत नव्हतं. म्हणूनच मी पाहिलं नाही. चुलीकडे तोंड करून म्हटलं, "जेवून घ्या, गार होईल."

भाकरी एका बाजूनं करपली होती. तुम्ही काही न बोलता खाल्लीत, आणि अजून एक मागितलीत.